सहा नंबरचा चेंडू

(कॅडेट, इयत्ता दहावी, भिलाई-३, छत्तीसगड)

आपल्या शाळेच्या स्पोर्ट्स स्टोअरमध्ये बास्केटबॉलचे अकरा चेंडू आहेत. मागच्या टर्मला माझी स्टोअर ड्यूटी होती, तेव्हा मी ते मोजले, हवा भरली आणि जाळीच्या पिशवीत ठेवले. अकराही चेंडूंवर ७ हा आकडा आहे. बास्केटबॉल खेळणाऱ्यांना त्याचा अर्थ माहीत असतो. सात नंबरचा चेंडू पुरुषांचा. महिलांचे सामने सहा नंबरच्या चेंडूने होतात. त्याचा घेर सुमारे अडीच सेंटिमीटरने कमी असतो आणि वजनही थोडे कमी असते. ऑलिंपिकमध्येही महिला सहा नंबरनेच खेळतात.

आपल्या स्टोअरमध्ये सहा नंबरचा एकही चेंडू नाही. कोणी मुद्दाम टाळले असे मी म्हणणार नाही. २०२१ पर्यंत आपल्या शाळेत मुलीच नव्हत्या, त्यामुळे कोणाला गरज पडली नाही. मग आम्ही आलो. आमच्यासाठी वेगळी डॉर्मिटरी झाली, मेट्रन आल्या, गणवेशाची मापे बदलली. खेळाच्या सामानाची यादी मात्र जुनीच राहिली. दरवर्षी तीच यादी पुढच्या वर्षासाठी उतरवली जाते आणि दरवर्षी सात नंबरचेच चेंडू येतात.

या आकड्यावरून मला जे सुचले ते मी मराठी पानासाठी लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की मुलींचा संघ तयार झाल्यावर मैदान द्यायचे नसते. आधी मैदान, वेळ आणि शिकवणारा माणूस द्यायचा असतो, मग संघ तयार होतो. हे मी दोन उदाहरणांवरून सांगणार आहे. एक माझ्या गावाचे आहे आणि दुसरे फार लांबच्या एका विद्यापीठाचे.

माझे घर भिलाई-३ ला आहे. आजोबा गोंदियाहून रेल्वेच्या नोकरीसाठी आले आणि चरोद्याच्या यार्डात लागले. बाबाही तिथेच आहेत. आमच्या घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि बाजारात हिंदी. भिलाई म्हटले की सर्वांना पोलाद कारखाना आठवतो. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, हे आम्हाला प्राथमिक शाळेतच पाठ करायला लावतात. कारखान्याबरोबर टाउनशिप आली. तिचे सेक्टर, शाळा, दवाखाने आणि मैदाने आली. आमचे भिलाई-३ या टाउनशिपच्या बाहेर, रायपूरच्या बाजूला आहे. रात्री मालगाड्यांच्या शंटिंगचा आवाज ऐकत झोपणाऱ्यांची ही वस्ती.

लहानपणी मला वाटायचे की बास्केटबॉल हा मुलींचा खेळ आहे. हसू नका. आमच्याकडे क्रिकेट मुलांचे आणि बास्केटबॉल मुलींचे, अशीच माझी समजूत होती. वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर बास्केटबॉलचा फोटो आला की त्यात उंच मुली, त्यांच्या गळ्यात पदके आणि बाजूला त्यांचे कोच उभे असायचे. सेक्टर-१ च्या पंत स्टेडियममध्ये आम्ही कधी गेलो तर कोर्टवर मुलीच दिसायच्या. सहावीत या शाळेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी बास्केटबॉल कोर्टवर गेले. तिथे एक सीनियर मला म्हणाला, "तुमचं बॅडमिंटन पलीकडे आहे." तो चांगल्या मनाने रस्ता दाखवत होता. मला मात्र तेव्हा कळले की भिलाईची गोष्ट सगळीकडे नसते.

भिलाईत ती गोष्ट कशी घडली? तिथे काही मुली जन्मतः उंच निपजत नाहीत. भिलाई स्टील प्लांटचे बास्केटबॉल कोच राजेश पटेल यांनी अनेक वर्षे तिथे मुलींना शिकवले. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले. नवीन राज्य, लहान राज्य, आणि तरी युथ आणि ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धांमध्ये छत्तीसगडच्या मुली पदके आणू लागल्या. अंजू लाकडा, सीमा सिंह, भारती नेताम या भारतीय संघापर्यंत पोहोचल्या. यांतल्या काही मुली आदिवासी घरांतल्या आहेत. जिथे बास्केटबॉलचे कोर्ट कोणी पाहिले नव्हते अशा गावांतूनही मुली भिलाईला येऊन राहिल्या, शिकल्या आणि खेळल्या. बाहेरच्या राज्यांतूनही मुली येत. जवळजवळ सात फूट उंचीची पूनम चतुर्वेदी उत्तर प्रदेशातून भिलाईला आली. मोठ्या आजारातून उठून ती पुन्हा कोर्टवर उतरली, हे आमच्याकडे शाळकरी मुलींनाही माहीत आहे.

पुढे या मुलींपैकी अनेकींना रेल्वेत नोकरी मिळाली. त्यातून एक गंमत झाली. महिलांच्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ वर्षानुवर्षे वरचढ राहिला आहे आणि त्या संघात भिलाईत शिकलेल्या मुली असत. म्हणजे आपल्याच शिष्या समोरच्या बाजूने खेळायच्या. बाबा रेल्वेतले, त्यामुळे आमच्या घरात कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या यावर वाद व्हायचा. आजी म्हणायची, "दोन्हीकडे आपल्याच पोरी आहेत, जिंकू दे कोणीही."

राजेश पटेल २०१८ मध्ये वारले. मी तेव्हा लहान होते. घरातली मोठी माणसे हळू आवाजात बोलत होती एवढेच आठवते. नंतर मोठी झाल्यावर मी आईच्या धाकट्या बहिणीला, माझ्या मावशीला, या सगळ्याबद्दल विचारले, कारण मावशी शाळेत असताना स्वतः बास्केटबॉल खेळायची. तिला विचारले की भिलाईच्या मुली एवढ्या पुढे का गेल्या. मला वाटले ती मेहनत, जिद्द असे काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "कोर्ट रोज उघडं असायचं."

मी या उत्तरावर पुष्कळ विचार केला. जिद्द आपल्या शाळेतही भरपूर आहे. पहाटे साडेपाचच्या पीटीला थंडीत धावणाऱ्या कोणत्याही मुलीला विचारा. पण जिद्दीला रोज जाण्यासाठी एक जागा लागते. ठरलेली वेळ लागते. आज तू का आली नाहीस, असे विचारणारा एक माणूस लागतो. आणि खेळून पुढे काय, याचे उत्तर लागते. भिलाईत या चारही गोष्टी होत्या: कारखान्याने बांधलेले कोर्ट, रोजचा सराव, एकच कोच आणि पुढे रेल्वेची नोकरी. मुली त्यानंतर आल्या.

आता दुसरे उदाहरण. मागच्या वर्षी आंतर-हाउस क्विझची तयारी करताना मी लायब्ररीत बास्केटबॉलचा इतिहास वाचत होते. हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तयार केला. त्याने नियम तेरा केले आणि जिममध्ये पीचची फळे ठेवायच्या दोन टोपल्या टांगल्या. हे आपल्या क्विझमध्ये नेहमी येते. पुढचे मात्र मला माहीत नव्हते. काही महिन्यांतच, १८९२ मध्ये, स्मिथ कॉलेज या मुलींच्या कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने हा खेळ मुलींना शिकवायला सुरुवात केली. म्हणजे बास्केटबॉल जवळजवळ जन्मापासून मुलींचाही खेळ आहे. माझी लहानपणची समजूत अगदीच चुकीची नव्हती.

दोन विद्यापीठांच्या मुलींच्या संघांमधला पहिला सामना ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात झाला. एका बाजूला स्टॅनफर्ड आणि दुसऱ्या बाजूला बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ. दोन्हीकडे नऊ-नऊ मुली होत्या. आपल्या वाचकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे सामना झाला एका आर्मरी हॉलमध्ये, म्हणजे सैनिकी कवायतीच्या आणि शस्त्रे ठेवण्याच्या इमारतीत. पुरुषांना आत प्रवेश नव्हता. शेकडो बायका बघायला जमल्या होत्या. स्टॅनफर्डने सामना २-१ असा जिंकला. तेव्हा एका बास्केटला एकच गुण मिळत असे. पूर्ण सामन्यात तीन बास्केट झाले. आपल्या हाउस मॅचमध्ये असा स्कोअर झाला तर सगळे हसतील, पण तो संघ जिंकून परत गेला आणि त्यांची तारीख इतिहासात राहिली.

मला वाटले, आता पुढे दर वर्षीचे सामने आणि ट्रॉफ्या यांची यादी येणार. तसे झाले नाही. तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांच्या समितीने मुलींनी दुसऱ्या कॉलेजांशी सामने खेळणे बंद केले. मुलींच्या तब्येतीला आणि वागणुकीला हे बरे नाही, असे त्या काळी अनेक ठिकाणी मानले जायचे. मुलींचा खेळ कॅम्पसच्या आत, आपापसात राहिला. बाहेरच्या संघांशी रीतसर खेळणारा संघ पुन्हा उभा राहिला तो १९७४ च्या सुमारास. त्याआधी १९७२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला होता की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी आहे म्हणून कोणाला मागे ठेवता येणार नाही. खेळही त्यात आले.

१८९९ ते १९७४ म्हणजे पंच्याहत्तर वर्षे. माझ्या आजीच्या वयापेक्षाही जास्त. या काळात त्या विद्यापीठात चांगल्या खेळणाऱ्या मुली आल्याच नसतील का? नक्कीच आल्या असतील. त्या संध्याकाळी आपापसात खेळल्या, पदवी घेतली आणि गेल्या. त्यांचा स्कोअर कोणी लिहिला नाही, कारण सामनाच नव्हता.

नंतर काय झाले तेही सांगते. १९८५ मध्ये तिथे टारा व्हॅनडर्व्हीर या कोच आल्या. १९९० मध्ये संघ अमेरिकेतल्या विद्यापीठांचा राष्ट्रीय विजेता झाला आणि १९९२ मध्ये पुन्हा झाला. मध्ये एक वर्ष त्या अमेरिकेच्या ऑलिंपिक संघासाठी गेल्या आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्या संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या २०२४ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या नावावर १२१६ विजय होते. स्टॅनफर्डचे तिसरे राष्ट्रीय विजेतेपद कोरोनाच्या काळातले आहे. त्या वर्षी त्यांच्या जिल्ह्यात सरावाला बंदी होती, म्हणून संघ आठवडेच्या आठवडे घराबाहेर हॉटेलांत राहून खेळला. अंतिम सामन्यात त्यांनी ॲरिझोनाला ५४-५३ असे हरवले. तारीख होती ४ एप्रिल २०२१. पहिल्या सामन्याला त्याच दिवशी बरोबर १२५ वर्षे झाली होती, आणि दोन्ही सामने एका गुणाने जिंकलेले. हे वाचून मी प्रेपमध्ये एवढ्या मोठ्याने "अरे!" म्हणाले की मला उभे राहावे लागले.

पण मला विजेतेपदापेक्षा मधली पंच्याहत्तर वर्षेच जास्त आठवतात, कारण ती वर्षे आपल्या शाळेसारखी दिसतात.

आपल्याकडे मुलींना खेळायला बंदी नाही. कोणीही आम्हाला कधी नको म्हटले नाही. आम्ही रविवारी सकाळी, मुले आउटिंगला गेली की कोर्टवर जातो. गेम्स पीरियडला दोन्ही कोर्टवर मुलांच्या टीमची प्रॅक्टिस असते, कारण त्यांचे सामने असतात. आमचे सामने नसतात, म्हणून आम्हाला प्रॅक्टिसची गरज नसते. आणि प्रॅक्टिस नसल्यामुळे आम्हाला सामन्याला पाठवता येत नाही. कॅम्पसच्या आत, आपापसात. १८९९ नंतरच्या स्टॅनफर्डमध्ये हेच चालले होते.

यावर जी उत्तरे मला मिळाली ती मी प्रामाणिकपणे लिहिते, कारण ती देणारे माझ्या बाजूचेच लोक आहेत.

पहिले उत्तर, मुली कमी आहेत. खरे आहे. आमच्या बॅचला दहा जणी आल्या आणि दरवर्षी साधारण तेवढ्याच येतात. पण सहावी ते दहावी मिळून आम्ही आता पन्नासच्या आसपास आहोत. बास्केटबॉलच्या संघाला बारा जणी लागतात आणि कोर्टवर पाच. फुटबॉलसाठी हे कारण मी मान्य केले असते. बास्केटबॉल तर थोड्या मुली असलेल्या शाळेसाठीच बनवल्यासारखा खेळ आहे.

दुसरे उत्तर, मुलांची स्पर्धा जवळ आली आहे, त्यांचा सराव बुडेल. हे म्हणणारा मुलांच्या टीमचा कॅप्टन माझ्याच वर्गात आहे आणि तो चांगला मित्र आहे. तो म्हणाला, "आधी टीम करा, मग कोर्ट मागा." मी त्याला विचारले, "तुमच्या टीमला आधी कोर्ट मिळालं की आधी टीम झाली?" तो विचार करून म्हणाला, "आम्ही आलो तेव्हा दोन्ही होतं." हेच तर मला म्हणायचे आहे. त्याला जे तयार मिळाले ते कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा दिलेले असणार.

तिसरे उत्तर सगळ्यांत अवघड आहे. मुली स्वतःच येत नाहीत. हे उत्तर मी खोटे ठरवू शकत नाही, कारण त्यात मी स्वतः आहे. नववीत असताना एकदा फॉल-इनमध्ये पीटी उस्तादांनी विचारले होते, "मुलींपैकी जिल्हा स्पर्धेच्या ट्रायलला कोण येणार? हात वर." भिलाईची मुलगी, मावशी खेळाडू, बालपण बास्केटबॉलचे फोटो बघण्यात गेलेले, आणि मी हात वर केला नाही. पूर्ण शाळा बघत होती. सात नंबरच्या चेंडूने माझा शॉट रिंगपर्यंत पोहोचत नव्हता आणि तो कमी पडताना सगळ्यांनी बघावे अशी माझी इच्छा नव्हती. कोणाचाच हात वर गेला नाही. उस्तादांनी वहीत "मुली: शून्य" लिहिले. ते बरोबरच होते. मला त्या शून्याची अजून लाज वाटते, पण ते शून्य कसे तयार झाले हेही आता मला कळते. ज्यांनी एकदाही रीतसर सराव केलेला नाही त्यांना सर्वांसमोर ट्रायलला बोलावले तर येणारा आकडा शून्यच असतो. तो मुलींच्या आवडीचा आकडा नाही.

कोणी म्हणेल, आपण सैनिकी शाळेत आहोत, बास्केटबॉलचे एवढे काय? मला वाटते, सैनिकी शाळेत आहोत म्हणूनच. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी ऑगस्ट २०२२ मध्ये दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यातल्या सतरा जणी पास आउट झाल्या. ती परेड आपण हॉलमध्ये एकत्र बघितली होती. मुलांनी सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या होत्या, हेही मला आठवते. त्या सतरा जणींच्या आधी शून्य होते. पण प्रबोधिनीने आधी संघ तयार करून आणा असे म्हटले नाही. आधी दार उघडले, परीक्षेला बसू दिले, राहायची सोय केली. मग मुली आल्या.

माझे मागणे मोठे नाही. सहा नंबरचे सहा चेंडू आणावेत. आठवड्यातून तीन दिवस, गेम्स पीरियडमध्ये, एक कोर्ट पाऊण तास मुलींचे असावे, आणि मुलांची स्पर्धा जवळ आली तरी ते काढून घेऊ नये. एका इन्स्ट्रक्टरकडे ही जबाबदारी असावी. ते बास्केटबॉलचे तज्ज्ञ नसले तरी चालतील, पण आज कोण आले नाही हे त्यांनी विचारावे. प्रत्येक टर्ममध्ये बाहेरच्या एखाद्या शाळेच्या मुलींशी एक सामना व्हावा. आणि पॅव्हेलियनमधल्या ज्या फळ्यावर मुलांच्या संघाचे निकाल रंगवलेले आहेत, तिथे आमचाही निकाल लिहावा. हरलो तरी लिहावा. पहिली दोन वर्षे आम्ही बहुतेक हरूच, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

मुलींनाही मला काही सांगायचे आहे. पाऊण तास मिळाला आणि आपण पहिल्या आठवड्यानंतर चौघीच उरलो, तर पुढच्या दहा वर्षांच्या मुलींचे आपण नुकसान केलेले असेल. डोके दुखते, पोटात दुखते, केस धुवायचे आहेत, ही सगळी कारणे मी स्वतः वापरलेली आहेत. ती आता पुरेत. चेंडू रिंगपर्यंत पोहोचत नसेल तर पोहोचेपर्यंत टाकायचा. बघणारे बघतील.

शेवटी पालकांशी बोलते, आणि यात माझी आईही आली. या जूनमध्ये आई फोनवर म्हणाली, "यंदा दहावी आहे बाळा, खेळ एक वर्ष बाजूला ठेव." आईची काळजी मला समजते. घरापासून लांब राहणाऱ्या मुलीची मार्कशीट हीच घरी पोहोचणारी खात्रीची बातमी असते. पण मी सुट्टीत घरी गेले तेव्हा मावशी आली होती. मी तिला विचारले की तिने खेळ का सोडला. मला वाटत होते की पायाला लागले असेल किंवा लग्न ठरले असेल. मावशी म्हणाली, "सोडला नाही गं. दहावीला एक वर्ष बाजूला ठेवला होता." आई स्वयंपाकघरात होती. तिने ते ऐकले. ती काही बोलली नाही, पण निघायच्या दिवशी माझ्या ट्रंकेत नवीन बुटांचा डबा होता.

एक वर्ष बाजूला ठेवलेला खेळ मावशीकडे परत आला नाही. एका विद्यापीठात तो पंच्याहत्तर वर्षे परतला नाही. म्हणून पालकहो, दहावीच्या वर्षी मुलीला अभ्यासाचे वेळापत्रक जरूर करून द्या, पण त्यात खेळाचा पाऊण तास तसाच राहू द्या. मुलांच्या बाबतीत तुम्ही बहुतेक तो ठेवताच.

गेल्या रविवारी आम्ही सहा जणी कोर्टवर होतो. सहावीतली एक लहान मुलगी कठड्यावर बसून बघत होती. तिची उंची चांगली आहे आणि हात लांब आहेत. मी तिला खेळायला बोलावले. सात नंबरचा चेंडू तिच्या दोन्ही हातांत मावत नव्हता. तिने तो खालून, दोन्ही हातांनी टाकला. रिंगच्या बऱ्याच खाली भिंतीला लागून तो परत आला. तिने विचारले, "ताई, मुलींची टीम कधी असते?"

मी तिला म्हटले, "विचारून सांगते." हा लेख म्हणजे तेच विचारणे आहे. मी दोन वर्षांनी बारावी होऊन जाईन आणि ती तेव्हा आठवीत असेल. तिला उत्तर द्यायला आपल्याकडे दोन वर्षे आहेत.